शनिवारी दोनचं विमान

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडपासून दोन गल्ल्या आत, लाल विटांच्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत मोहनराव टिपणीस राहतात. वय अडुसष्ट. तिथल्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यापासून शेजारच्या आजीबाईंचे बल्ब, देवळातल्या स्पीकरच्या वायरी आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं लायटिंग, एवढा त्यांचा कारभार. हाताखालच्या पोरांना त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट बजावली, 'आधी मीटर लाव, मग हात लाव.' त्यावरून पोरं त्यांची नक्कल करायची आणि त्यांना ते माहीत होतं.

माणूस तापट अजिबात नाही. एकदा मनात धरलं की मात्र सोडत नाही. हा गुण टिपणीसांच्या घराण्यातच आहे. त्यांच्याकडे भांडणात आवाज चढत नाही, अबोला धरतात. मोहनरावांच्या लहानपणी आईवडिलांचं बिनसलं की आठ-आठ दिवस 'तुझ्या आईला सांग, मी आज उशिरा येईन' आणि 'तुझ्या वडिलांना सांग, भाकरी झाकून ठेवली आहे' अशी निरोपांची ने-आण चालायची. वडील आणि आई एकाच खोलीत असायचे, आणि निरोप घेऊन उभे असायचे मोहन आणि धाकटा परीक्षित. दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. बोलायचं नसेल तर तिसऱ्याच्या तोंडून बोलावं, हे ते चालायला लागले तेव्हापासून शिकले होते.

या दोघा भावांनी एकमेकांशी न बोलता नऊ वर्षं काढली. आणि त्यातली शेवटची चार वर्षं दर शनिवारी लेस्टरच्या वेळेने दुपारी दोन वाजता दोघांनी मिळून विमान उडवलं. हे ऐकून कोणी हसलं तर हसू दे, पण झालं ते असं.

दोघं वाढले नाशिकजवळच्या ओझरला. वडील विमानांच्या कारखान्यात फिटर होते. शाळा सुटली की दोघं पाण्याच्या टाकीवर चढून चाचणीला निघालेली विमानं मोजत. वैमानिक कोणीच झालं नाही. मोहन वायरमन होऊन इंग्लंडला आला, परीक्षित नाशिकला शाळेत गणित शिकवू लागला. आई त्याच्याजवळ होती. दोन हजार सोळाच्या दिवाळीला मोहनराव जाणार होते, पण गेले नाहीत. सुट्टी मिळत होती, तरी म्हणाले जानेवारीत निवांत जाऊ. नोव्हेंबरात आई आजारी पडली. परीक्षित तीन आठवडे फोनवर सांगत राहिला, 'सर्दी आहे, काळजी करू नकोस.' ते न्यूमोनियाचं दुखणं होतं. मोहनराव पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला, गोदावरीच्या काठावर, पाच-पन्नास नातेवाइकांच्या देखत ते भावाला म्हणाले, "तू मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस."

परीक्षितचा चेहरा पांढराफटक पडला. तो म्हणाला, "दिवाळीला कोणी अडवलं होतं तुला?"

दोघंही खरं बोलले, म्हणूनच ते कोणाला विसरता आलं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. लग्नाच्या पत्रिका, आजारपणं, नातवंडांची बारशी, सगळे निरोप पोरांमार्फत जाऊ-येऊ लागले. इकडून मोहनरावांचा जय, तिकडून परीक्षितची अन्वी.

त्याच पोरांनी एक उद्योग केला. जय कॉलेजात असताना सुपरमार्केटात शनिवार-रविवार राबून त्याने गेम खेळायला एक कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. काळा, भलामोठा डबा, आत निळे दिवे. नोकरीसाठी एडिनबराला गेला तेव्हा तो डबा त्याने वरच्या छोट्या खोलीत ठेवून दिला. मोहनरावांनी त्यावर विमान उडवायचा सिम्युलेटर टाकून घेतला आणि मग त्यांना जेवणाचीही शुद्ध राहिना. पुढे जय म्हणाला, बाबा, 'सह्याद्री एअर' म्हणून एक ग्रुप आहे, जगभरातले मराठी लोक खोटी विमानकंपनी चालवतात, त्यात ये. तिकडे अन्वीने आपल्या बाबांना तेच सांगितलं. ग्रुपचा नियम कडक होता. माइकवर फक्त विमानाचं बोलायचं, घरगुती गप्पा बंद. आणि खरी नावं कोणी लावायची नाहीत.

पहिल्या शनिवारी मोहनरावांना सहवैमानिकाची खुर्ची मिळाली. शेजारच्या कॅप्टनने बोलण्याआधी घसा खाकरला. दोनदा, आखूड. मोहनरावांचा हात माउसवरच थिजला. असा घसा जगात एकच माणूस खाकरतो, वर्गात शिरण्याआधी. पलीकडच्यानेही आवाज ओळखला असणार, कारण पुढे अर्धं मिनिट कोणी बोललं नाही. मग कॅप्टन इंग्रजीत म्हणाला, "चेकलिस्ट प्लीज." मोहनरावांनी चेकलिस्ट वाचली.

चार वर्षं हेच चाललं. थोरला सहवैमानिक, धाकटा कॅप्टन. उंची किती, वारा कुठून, चाकं खाली. दोघांना ठाऊक, आणि दोघांना ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक, पण ओठावर कोणी येऊ दिलं नाही. एकदा लेहला उतरताना मोहनरावांनी डोंगर वेळेवर दाखवला, तेव्हा कॅप्टन म्हणाला, "गुड कॉल." मोहनराव दोन दिवस खुशीत होते. त्यांच्या बायकोने, वैजयंतीबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, हवा छान आहे." बाहेर धो-धो पाऊस होता.

मागच्या नोव्हेंबरात ग्रुपने जाहीर केलं की येत्या शनिवारपासून सगळी उड्डाणं सिम्युलेटरच्या नव्या आवृत्तीवर होतील. जुनी बंद. मोहनरावांनी नवी आवृत्ती टाकून पाहिली. दहा वर्षांच्या त्या डब्याने मान टाकली. चित्र थांबायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. धावपट्टी दिसेपर्यंत विमान तिच्या पलीकडे शेतात गेलेलं असायचं.

तेवढंच असतं तर मोहनराव महिनाभर कुरकुरले असते आणि नातवाच्या वाढदिवसानंतर बघू म्हणाले असते. पण मंगळवारी संध्याकाळी जयचा फोन आला. लेस्टरमध्ये जन्मलेल्या मुलाचं मराठी जसं असतं तसं जयचं आहे, प्रेमळ आणि खडबडीत.

"बाबा, मला तुला एक गोष्ट सांगायचा आहे. You have to promise की तू शांत राहणार."

"बोल."

"परीक्षितकाकाचं bypass आहे. Monday ला. तीन blockages. अन्वी मला बोलली. काकाने तिला strictly सांगितलाय की लेस्टरला कोणी सांगायचं नाही."

मोहनरावांनी हॉस्पिटल विचारलं, डॉक्टरचं नाव विचारलं, वेळ विचारली. जयला माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "अन्वी म्हणते, काकाचं एकच हट्ट आहे. Saturday ची flight करणार, मगच Sunday ला admit होणार."

फोन ठेवल्यावर मोहनरावांना भीती वाटली ती वाटलीच, पण भीतीच्या खाली जुना राग होता. पुन्हा तेच. पुन्हा लपवलं. आईच्या वेळी लपवलं आणि आता स्वतःच्या वेळीही लपवतोय.

वैजयंतीबाई बेलग्रेव्ह रोडवरच्या एका फार्मसीत काउंटरवर काम करतात. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून त्यांच्यात नाटकं सहन करायची ताकद उरत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, उचला फोन आणि बोला. नंबर आहे ना?"

"त्याने सांगू नको म्हटलंय. मग मी कशाला विचारू?"

"म्हणजे त्याचं ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही मौन धरून बसणार?"

"शनिवारी असेन मी तिथे. त्याच्या शेजारी. त्याला कळेल."

"काय कळेल? कपाळ!"

पण मोहनरावांना तेवढंच सुचत होतं. शनिवारी दोन वाजता त्या खुर्चीत बसायचं, चेकलिस्ट वाचायची, विमान नीट खाली उतरवायचं. त्यातून परीक्षितला जे समजायचं ते समजेल. आणि सोमवारी काही भलतंच झालं, तर निदान शेवटच्या उड्डाणाला दादा नव्हता असं तरी होणार नाही. एकदा गैरहजर राहून झालं होतं. दुसऱ्यांदा ते परवडणार नव्हतं.

म्हणजे आता तो डबा चार दिवसांत सुधारायला हवा होता. जयने व्हिडिओवर आतलं सगळं बघून सांगितलं की ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल, मेमरी वाढवावी लागेल, आणि नवं कार्ड जास्त वीज खाणार म्हणून पॉवर सप्लायही मोठा लागेल. बाकी जुनंच चालेल, कसंबसं. ऑक्टोबरात घरातला बॉयलर गेला होता आणि त्याने वर्षाची शिल्लक खाल्ली होती. वैजयंतीबाईंनी आकडा ठरवून दिला, दीडशे पौंड, त्यावर एक पेनी नाही. नव्या कार्डाची किंमत नुसती बघितली तरी त्याच्या दुप्पट. जय म्हणाला, मी देतो. मोहनराव म्हणाले, तुझ्या घराचा हप्ता भर आधी.

बुधवार, गुरुवार त्यांनी जुन्या सामानाच्या जाहिराती चाळण्यात घालवले. एक कार्ड पसंत पडलं, मेसेज लिहीपर्यंत विकलं गेलं. दुसरा विकणारा कार्डाचा फोटोच पाठवीना. तिसऱ्याने पाठवला, तर त्यात पंख्याचं एक पातं तुटलेलं. शुक्रवारी सकाळी नॉटिंगहॅमची एक जाहिरात दिसली. कार्ड, मेमरी आणि पॉवर सप्लाय, तिन्ही एकत्र, एकशेचाळीस पौंड. विकणारी वरदा नावाची पुण्याची मुलगी, सॉफ्टवेअरवाली, नोकरी बदलून एडिनबराला चाललेली. ती शनिवारी सकाळी साडेनऊलाच भेटू शकत होती. मोहनरावांनी मनात वेळेचा हिशेब मांडला. साडेअकरापर्यंत घरी, दीडपर्यंत जोडून तयार, अर्धा तास हाताशी. पुरे.

शनिवारी ते गजराच्या पहिल्या घंटेला उठले. वरदाच्या फ्लॅटमध्ये खोकीच खोकी होती. तिने सगळं आपल्या कॉम्प्युटरला जोडून वीस मिनिटं चालवून दाखवलं, मग मोहनरावांसमोर सुटं करून कागदात गुंडाळलं. मुलगी सरळ होती.

"काका, पॉवर सप्लायच्या केबल्स या पिशवीत आहेत. फक्त एक ड्राइव्हची केबल मिसिंग आहे, पॅकिंगमध्ये कुठे गेली देवाला माहीत. I'm so sorry. म्हणून दहा पौंड कमी द्या. पण प्लीज, त्याच मेकची मागवा हं. दुसरी बसते, पण चालत नाही."

मोहनरावांनी मान डोलावली. एकतीस वर्षांच्या इलेक्ट्रिशियनला तिशीतली मुलगी वायरी शिकवते, याचं त्यांना थोडं हसू आलं. ते तिला दाखवलं नाही. मांडीवर पिशवी घेऊन ते स्टेशनवर बसले.

परतीची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मग सिग्नलला उभी राहिली. मोहनराव दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि समोरची बाई त्यांच्याकडे संशयाने बघत होती. घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. वैजयंतीबाईंनी ताट वाढलं होतं, त्याकडे न बघता ते वर गेले.

जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. ते लांबीला इतकं मोठं निघालं की डिस्क ठेवायचा एक कप्पा स्क्रू काढून बाजूला करावा लागला. एक स्क्रू पडला आणि आतल्या आत कुठेतरी गडगडत गेला. तो शोधण्यात दहा मिनिटं गेली. मेमरीच्या पट्ट्या बसल्या. जुना पॉवर सप्लाय निघाला, नवा बसला. एकेक केबल लागत गेली. खालून वैजयंतीबाईंचा आवाज आला, "अहो, दीड वाजून गेला!" मोहनरावांच्या मानेवर घाम होता.

शेवटी राहिली ती डिस्क, जिच्यावर कॉम्प्युटरचा सगळा जीव होता. तिला वीज देणारी केबल तीच नेमकी नव्हती. नवी मागवली तर सोमवारी येणार.

आता टिपणीसांच्या जिन्याखाली एक पिशवी आहे. मूळ ती तांदळाची, वीस किलोची. तिच्यात 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या वायरी आहेत. मेलेल्या किटल्यांच्या, विसाव्या शतकातल्या टीव्हींच्या, हरवलेल्या फोनच्या. दर दिवाळीला वैजयंतीबाई ती कचऱ्यात टाकायला निघतात आणि दर दिवाळीला मोहनराव दारात आडवे होतात. टाकून द्यायचं म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, तो इंग्लंडात चाळीस वर्षं राहूनही जात नाही. मोहनराव धावत खाली गेले, पिशवी जमिनीवर उपडी केली, गुडघ्यावर बसून गुंता उपसला. आणि सापडली! हॉस्पिटलच्या भंगारात गेलेल्या एका कॉम्प्युटरची केबल. डिस्कच्या बाजूचं टोक तंतोतंत. दुसऱ्या टोकाला सहा पिना, आणि नव्या पॉवर सप्लायलाही सहाच भोकं.

"बघ!" ते वैजयंतीबाईंना म्हणाले. "टाकायला निघाली होतीस."

एक वाजून शेहेचाळीस मिनिटं झाली होती. केबल टक्कन बसली. एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात आपोआप मीटरकडे गेला. मीटर खाली स्वयंपाकघराच्या खणात होता. कोणत्या पिनेत किती व्होल्ट येतात ते बघायला दोन मिनिटं लागली असती, जाऊन-येऊन चार. मग कॉम्प्युटर चालू व्हायला पाच, सिम्युलेटर उघडायला आठ, विमानात बसायला... त्यांनी हात मागे घेतला. सहा पिना त्या सहा पिना. वीज ती वीज. तिकडे परीक्षित आता चष्मा पुसून खुर्चीत बसला असेल.

त्यांनी बटण दाबलं.

पंखे फिरले. निळे दिवे लागले. आणि त्याच क्षणी डिस्कच्या बाजूने चट्ट असा एक बारीक आवाज आला, आणि धुराची एक रेघ वर आली. तो वास मोहनरावांनी आयुष्यात शेकडो वेळा घेतला होता, दर वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीचा. त्यांनी भिंतीवरचा स्विच खटकन बंद केला. वास मात्र खोलीभर पसरला.

एक मिनिट थांबून, ती केबल काढून, त्यांनी पुन्हा चालू केलं. बाकी सगळं धडधाकट होतं. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली, डिस्क सापडत नाही.

त्यांनी जयला फोन लावला.

"बाबा, which cable?" जयने पहिल्यांदा तेच विचारलं.

"पिशवीतली."

पलीकडे कुठेतरी ट्राम गेली. मग जय म्हणाला, "बाबा, दिसायला same असते, पण आतला wiring प्रत्येक company चा वेगळा असतो. पाच volt च्या जागी बारा गेला. ती डिस्क गेला, बाबा."

"दुसरी आणली तर?"

"सगळं परत install करायला लागेल. सहा-सात तास. आज नाही होणार."

"फोनवरून बसता येतं का विमानात?"

"नाही येत."

दोन वाजायला तीन मिनिटं होती. मोहनराव फरशीवर बसले होते, भोवती स्क्रू, कागद आणि जुनं कार्ड. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. शिकाऊ पोरगा असता तर त्याला घरी पाठवलं असतं.

जय हळूच म्हणाला, "मी अन्वीला text करू? ती काकाला सांगेल की तुझं computer बिघडली."

मोहनराव "हो" म्हणणारच होते. टिपणीसांची रीतच ती. निरोप पोरांच्या हाती द्यायचा आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसायचं. पण ते शब्द ओठापर्यंत आले आणि त्यांना परीक्षित दिसला. अन्वी त्याच्या खोलीत जाईल, म्हणेल, 'बाबा, लेस्टरहून निरोप आलाय, आज जमत नाहीये.' परीक्षित म्हणेल, 'बरं.' आणि मनात म्हणेल, दिवाळीलाही जमलं नव्हतं. मग तो एकटाच विमान वर नेईल, आणि रविवारी हॉस्पिटलात जाईल.

"नको," मोहनराव म्हणाले. "तू ठेव फोन."

नंबर फोनमध्ये होता. नऊ वर्षांत तीन फोन बदलले, प्रत्येकात तो नंबर त्यांनी स्वतः घातला होता आणि एकदाही लावला नव्हता. वैजयंतीबाई धुराच्या वासाने वर आल्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या. मोहनरावांनी नावावर बोट ठेवलं. रिंग जायला लागली. तिसरी, चौथी. त्यांना वाटलं, माइक लावून बसला असेल, ऐकूच जाणार नाही. सहाव्या रिंगला फोन उचलला गेला.

आधी इंजिनांची घरघर ऐकू आली. सिम्युलेटरमधलं विमान निघायच्या तयारीत उभं होतं. मग तो घसा, दोनदा, आखूड.

"हॅलो."

मोहनरावांनी काही ठरवलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघालं, "माझा कॉम्प्युटर जळला. मला आज येता येत नाही."

पलीकडे घरघर तेवढी चालू राहिली. फोन आता ठेवला जाणार, या कल्पनेने मोहनरावांचा जीव टांगणीला लागला.

"धूर झाला?" परीक्षितने विचारलं.

"थोडा."

"मेन बंद केलास?"

"केला."

"हाताला काही लागलं?"

"नाही."

"झालं काय पण?"

"केबल चुकीची लावली. दिसायला तशीच होती."

"मीटर लावला नव्हतास?" शिक्षकाचा आवाज होता, खडूचा डस्टर टेबलावर आपटावा तसा. "तू? न मोजता?"

"दोन वाजत आले होते," मोहनराव म्हणाले. "तू वाट बघत बसशील म्हणून."

इंजिनांची घरघर थांबली. त्याने ती बंद केली असावी. खोलीत इतकी शांतता झाली की मोहनरावांना भावाचा श्वास ऐकू यायला लागला. तो जरा जड होता.

"दादा," परीक्षित म्हणाला. नऊ वर्षांत ही हाक मोहनरावांना कोणी मारली नव्हती. जगात मारणारा दुसरा कोणी नव्हताच. "दादा, तुला एक सांगायचं होतं. सोमवारी माझी बायपास आहे. पोरांना मी म्हटलं होतं तुला कळवू नका. आज विमान उतरल्यावर मीच सांगणार होतो, तिथल्या तिथे, नियम मोडून. पण धीर झाला असता की नाही, काय माहीत."

वैजयंतीबाईंनी तेवढं ऐकलं. त्या मोहनरावांचा पासपोर्ट आणि भारतात जायला लागणारं ओसीआय कार्ड शोधायला शेजारच्या खोलीत गेल्या.

मोहनरावांना सगळं ठाऊक होतं. हॉस्पिटलचं नाव, डॉक्टर, सकाळी आठची वेळ, तीन ब्लॉकेज, सगळं मंगळवारपासून पाठ होतं. 'मला माहीत आहे' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे पुसायला हात वर केला तर बोटांना अजून जळका वास येत होता.

"कुठल्या हॉस्पिटलात?" त्यांनी विचारलं.

परीक्षितने सांगितलं.

"डॉक्टर कोण आहे?"

परीक्षितने तेही सांगितलं.

"आणि दुखायला कधी लागलं? पहिल्यापासून सांग," मोहनराव भिंतीला टेकत म्हणाले. "काही गाळू नकोस."